आधी कच्ची नोंद

तुझं पत्र दोनदा वाचलं. रॉकेटमध्ये बसवायच्या उड्डाण-संगणकासाठी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे त्याचा छोटा प्रोसेसर, कुठला घ्यायचा आणि कालमन फिल्टर, म्हणजे सेन्सरच्या डळमळत्या आकड्यांतून उंची आणि वेगाचा अंदाज काढणारं गणित, कधी लिहायचा, यातच तीन महिने गेले म्हणतेस. या तीन महिन्यांत सेन्सरचा एक तरी आकडा साठवलास का, ते मात्र पत्रात कुठेच नाही.

आधी कच्ची नोंद ठेव. हवेचा दाब, त्वरण, बॅटरीचं व्होल्टेज, वेळ. सेन्सरनं दिले तसेच, फिल्टरच्या आधीचे.

माझ्या पहिल्या रॉकेटचं पॅराशूट उघडलंच नाही. मातीतून उकरून काढलेला बोर्ड शाबूत होता, फाइलही उघडली. आत सेकंदाला एक ओळ, तीही फिल्टरमधून निघालेली उंची, आणि उड्डाणाच्या शिखरापाशी, म्हणजे सगळ्यात उंच जागी, ओळी संपलेल्या. मी सोल्डरिंग करणाऱ्या मित्रावर खापर फोडलं. तो पुन्हा प्रकल्पाकडे फिरकला नाही. दोन वर्षांनी टेबलावर तसाच इग्नायटर, म्हणजे पॅराशूट बाहेर फेकणारी दारू पेटवणारी तार, प्रोसेसरच्याच बॅटरीवर पेटवून पाहिला. व्होल्टेज क्षणभर खाली बसलं आणि प्रोसेसर रीसेट झाला. त्या दिवशी हेच झालं होतं का? व्होल्टेजचा एक रकाना असता, तर आज सांगता आलं असतं.

४ जून १९९६ ला एरियन ५ हे युरोपचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात ३७ सेकंदांच्या आसपास भरकटलं. आधीच्या एरियन ४ साठी लिहिलेल्या कोडमध्ये ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नव्हती. चौकशी समितीला हे दीड महिन्यात सांगता आलं, कारण टेलिमेट्री, म्हणजे उड्डाणात रेडिओनं जमिनीवर आलेले आकडे, होती आणि अवशेषांत सापडलेल्या उपकरणांची मेमरी वाचता आली. नोंद होती!

फिल्टर घरी बसून शंभरदा बदल, त्याच नोंदीवर पुन्हा पुन्हा चालवून बघ. ध्वनिवेगाजवळ दाबाचे आकडे खोटं बोलतात, तेही तिथेच दिसेल. इंजिन विझल्यावर वेग ओसरतो तसा त्वरणमापक शून्याजवळ येतो आणि शिखराच्या अलीकडे-पलीकडे तिथेच राहतो, त्यामुळे त्याच्या एका आकड्यावरून शिखर कळत नाही, हेही. एसडी कार्ड लिहिता लिहिता मध्येच अडतं, म्हणून आकडे आधी रॅममध्ये साठव.

सगळ्यांना हेच ऐकवतो, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. असू दे. कच्ची नोंद नसेल तर मी उड्डाणाच्या कागदावर सही करत नाही, आणि त्या मित्राचा चेहरा आठवला की हा हट्ट मला जरासुद्धा जास्त वाटत नाही.

आता कुठलाही बोर्ड घे, दाबाचा सेन्सर जोड आणि जिना चढ-उतर कर. तीन मीटरच्या मजल्याला दाब साधारण ०.३५ हेक्टोपास्कलनं उतरायला हवा. ती फाइल मला पाठव, फिल्टर न लावता.