मॅरेथॉनसारख्या सरावाने रोजच्या जगण्यात खरंच फरक पडतो का?

हो, पडतो. फक्त तो वजनकाट्यावर शोधू नका, झोपेत आणि जिन्यावर शोधा. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, त्यामुळे विश्रांतीच्या वेळची नाडी संथ होते. स्नायूंत केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात. दादरचा पूल धावत चढून लोकल पकडली तरी धाप लागत नाही, ती यामुळेच.

मनाचं म्हणाल तर पेडर रोडचा चढ घ्या. मुंबई मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरमध्ये तो परतीच्या वाटेवर येतो, पायांतला जीव गेलेला असताना. तिथे जोर लावणारा अडकतो. पावलं लहान करून, नजर पुढच्या खांबावर ठेवणारा वर पोचतो. मार्च एंडला ऑफिसात हीच सवय कामी येते: समोरचं एक काम, मग पुढचं. माझी चिडचिड कमी झाल्याचं तर आधी घरच्यांच्याच लक्षात आलं!

सुरुवात करताना गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळा. बरेच जण पहिल्याच आठवड्यात जीव काढतात आणि गुडघा धरून बसतात. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं, म्हणून पहाटेच निघा. लांब पळताना नुसतं पाणी नको, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी ठेवा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि झोप मोडून सराव अजिबात नको. डोंबिवली-कल्याणहून सकाळची गाडी धरणाऱ्यांनी आठवड्यातून तीनच दिवस पळावं, सुरुवातीला तेवढं पुरतं.