मोडल डायलॉग उघडा असताना टायमर का थांबत नाही?

विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिहिण्याच्या डॉटनेटमधल्या साधनात) टायमरच्या टिक हँडलरमधून, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमधून, मेसेजबॉक्स (सूचना दाखवणारा छोटा मोडल डायलॉग) दाखवला, तर तो बंद करण्याआधीच दुसरा, मग तिसरा असे एकावर एक का उघडत जातात, आणि मोडल म्हणजे बाकी सारे थांबलेले असा अर्थ नाही का, असे तुम्ही विचारले आहे.

तसा अर्थ नाही. मोडल डायलॉग फक्त वापरकर्त्याला अडवतो. प्रोग्रामच्या इतर विंडो निष्क्रिय केल्या जातात, त्यामुळे माऊस आणि कीबोर्ड त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मेसेजबॉक्स दाखवणारी तुमची ओळ तिथेच थांबून राहते हे खरे, पण त्या ओळीच्या पोटात विंडोज एक नवा मेसेज लूप चालवत असते. क्लिक, टायमर, रंगवणे अशा घटनांचे मेसेज प्रोग्रामच्या थ्रेडच्या (कोड क्रमाने चालवणाऱ्या धाग्याच्या) रांगेत येतात आणि हा लूप त्याच रांगेतले मेसेज उचलून ज्याचे त्याला देत राहतो. म्हणूनच डायलॉग उघडा असतानाही मागची विंडो गरज पडेल तेव्हा पुन्हा रंगवली जाते, आणि म्हणूनच टायमरचा मेसेजही तुमच्या हँडलरपर्यंत पोहोचतो. पहिली टिक अजून संपलेली नसते आणि दुसरी तिच्या आतच सुरू होते. याउलट त्याच जागी थ्रेड.स्लीप (थ्रेडला काही वेळ नुसते थांबवून ठेवणारी आज्ञा) लिहिले, तर टायमरही थांबेल आणि विंडोही गोठेल.

वजनकाट्याचे आकडे दर ५ सेकंदांनी वाचणाऱ्या माझ्या एका प्रोग्राममध्ये मी हीच चूक केली होती. केबल निघाली तेव्हा काट्यावरचा माणूस जेवायला गेला होता आणि तो अर्ध्या तासाने परतला तोवर साडेतीनशेच्या आसपास मेसेजबॉक्स साचले होते. आतला कॉल परतल्याशिवाय बाहेरचा परतत नाही, त्यामुळे शेवटी प्रोग्रामच बंद करावा लागला.

तेव्हा मेसेजबॉक्स दाखवण्यापूर्वी टायमर थांबवा आणि मेसेजबॉक्स बंद झाल्यावर तो पुन्हा सुरू करा. मात्र एवढ्यावर निश्चिंत राहू नका. डायलॉग उघडा असताना दुसरा एखादा टायमर किंवा बिगिनइन्व्होकने (काम याच थ्रेडच्या रांगेत टाकणाऱ्या आज्ञेने) पाठवलेले काम तुमच्या विंडोतल्या एखाद्या यादीतल्या नोंदी बदलू शकते. म्हणून ‘ही नोंद काढून टाकू का?’ असे विचारण्याआधी घेतलेला ओळीचा क्रमांक उत्तर येईपर्यंत भलत्याच नोंदीचा झालेला असू शकतो. क्रमांकाऐवजी नोंदीची ओळख जपून ठेवा आणि डायलॉग बंद झाल्यावर ती नोंद अजून यादीत आहे का, हे नव्याने तपासा.