अंदमानच्या किनाऱ्यावर कोणते प्राणी दिसतात? मुलांना घेऊन जातोय, मगरींचा धोका आहे का?

मगरीचं आधी उरकतो. खाऱ्या पाण्यातली मगर तिथं आहे, खारफुटीच्या खाड्यांत राहते, 2010 मध्ये हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) स्नॉर्कलिंग करताना मगरीच्या हल्ल्यात एक अमेरिकन तरुणी गेली. बोर्ड लावलेला असेल तिथं उतरू नका, विषय संपला.

पण किनाऱ्याची जास्त वाट लावणारा प्राणी म्हणाल तर गावातलं कुत्रं. यावरून आमच्या साडूंचं आणि माझं अजून पटत नाही. नोकरीमुळे आम्ही मध्य अंदमानातल्या रंगत गावी राहायचो, तेव्हा जानेवारीत साडू सहकुटुंब आलेले, त्यांना रात्री जवळच्या कथबर्ट बे किनाऱ्यावर कासव बघायला नेलं. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण वर आली, मागच्या पायांनी खड्डा खणला, अंडी घालायला लागली, आणि हाताच्या अंतरावर दोन कुत्री गप बसून होती. भुंकणं नाही, काही नाही, नुसती वाट बघत. एकाच्या गळ्यात पट्टासुद्धा होता, म्हणजे कोणाच्या तरी घरचं. वनखात्याचा वॉचर (राखणदार) काठी आपटून थकला. पलीकडचं एक घरटं आधीच उकरलेलं, वाळूत मऊ टरफलं फाटून पडलेली आणि पिवळा बलक मुंग्यांनी भरलेला. शंभरेक अंडी असतात हो एका खड्ड्यात! शेवटी वॉचरने या कासवाची अंडी बादलीत भरून हॅचरीत, म्हणजे अंडी जपून उबवायच्या जागी, नेली.

आणि आमचे साडू? संध्याकाळी त्याच कुत्र्यांना बिस्किटं घालत होते. वर मलाच म्हणाले, मुका जीव आहे, भूक लागली तर खाणारच, निसर्ग आहे. कसला निसर्ग? 1858 ला इंग्रजांनी वसाहत केली त्याच्याआधी त्या बेटांवर कुत्रं नव्हतंच, कोल्हा-बिबट्या तर आजही नाही, मूळचं मोठं जनावर म्हणजे रानडुक्कर. रॉस बेटावरची (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) हरणं पण तशीच, इंग्रजांनी शिकारीला आणून सोडली, खाणारं कोणी नाही म्हणून वाढली, पोहत दुसऱ्या बेटांवर जातात आणि जंगलातली कोवळी रोपं फस्त करतात. तुमची मुलं त्यांना टोस्ट भरवायचा हट्ट करणार, भरवू देऊ नका. इंटरव्ह्यू बेटावरचे हत्ती पण लाकूडतोडीला आणलेले, धंदा बुडाल्यावर सोडून दिले. माणसाने आणायचं, माणसाने सोडायचं, आणि मग निसर्ग म्हणून हात झटकायचे, हे मी साडूंना प्रत्येक लग्नात सांगतो आणि ते जिलबी वाढून घ्यायला निघून जातात.

कुत्री मारा असं म्हणत नाहीये, नसबंदी करा, रात्री बांधून ठेवा, एवढंच. कासव बघायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी जा, वनखात्याच्या माणसाबरोबरच जा, फ्लॅश बंद. आणि वर मगरीचं उरकलं म्हणालो तरी खाडीच्या तोंडाशी अंधार पडताना मुलांना पाण्यात पाय सोडून बसू देऊ नका, बोर्ड नसला तरी.