बेळगावात वरातीला 'झिंगाट' सांगितलं की मराठीच लागेल का?

बँड असेल तर बिनधास्त सांगा. क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर नुसती चाल वाजते, तिथं भाषेचा प्रश्नच नाही. घोटाळा डीजेकडं होतो, कारण हे गाणं तीन भाषांतल्या सिनेमांत आहे. 'सैराट' (२०१६) मराठी, 'मनसु मल्लिगे' (२०१७) त्याचा कानडी रिमेक, 'धडक' (२०१८) हिंदी. तिन्हींचं संगीत अजय-अतुल यांचंच आणि हिंदी गाण्याचं नावही 'झिंगाट'च. पेनड्राइव्हमध्ये फाइलला नुसतं 'झिंगाट' लिहिलेलं असतं, अंधारात जी हाताला लागेल ती लागते. म्हणून शहापूर असो की खानापूर, 'सैराटमधलं मराठी' असं स्पष्ट सांगा आणि वरात निघण्याआधी सुरुवातीची ओळ वाजवून घ्या. कानडी पाहुणे असतील तर त्यांचंही एकदा जरूर लावा, चाल ओळखीची असल्यानं दोन्हीकडची मंडळी एकत्र नाचतात. मला तर तेच जास्त आवडतं.