निर्गुडीचा अर्क, ४८ रॅट आणि तालमीतले गुडघे

तुमचे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत. एम. फार्मसाठी निर्गुडीच्या पानांचा अर्क सुजेवर किती चालतो ते पाहायचंय. त्यासाठी ८ गट, प्रत्येकी ६, असे ४८ विस्टार (प्रयोगशाळेतल्या एका जातीचे) रॅट मागितले आणि प्राणी-प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीनं 'संख्येचं समर्थन द्या' म्हणून फॉर्म बी, म्हणजे मंजुरीचा अर्ज, परत पाठवला. त्यात मित्राचं म्हणणं असं, की निर्गुडी इथं बांधाबांधावर आहे, आजी तिच्या पाल्यानं शेकते. मग उंदरांना कशाला छळायचं, तालमीतल्या पोरांच्या सुजलेल्या गुडघ्यांवरच लावून बघू.

समितीचं बरोबर आहे. साधा हिशेब असा: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० च्या मध्ये यावं. तुमचं ४० येतं. म्हणजे निम्म्या प्राण्यांकडून नवीन काही कळणार नाही, ते नुसते मरणार.

कात्री कुठं लावायची? पहिला 'नॉर्मल कंट्रोल' काढा. या चाचणीत रॅटच्या पंजात कॅराजिनान हे सूज आणणारं द्रव्य टोचून सूज मोजतात; टोचण्याआधीचं माप प्रत्येक रॅटचं स्वतःचंच असतं, निरोगी गट वेगळा ठेवून काही मिळत नाही. पाण्यातला आणि अल्कोहोलमधला असे दोन्ही अर्क प्राण्यांवर नेऊ नका. आधी प्राण्याविना, काचेच्या नळीत निवड करा: अल्ब्युमिन हे प्रथिन बिघडणं अर्क रोखतो का ती चाचणी, किंवा तांबड्या पेशींच्या आवरणाची चाचणी. (होस्टेलच्या मित्राच्या दंडातून ५ मिली रक्त काढून ही दुसरी चाचणी सर्रास होते. तो मित्र त्या क्षणी संशोधनातला सहभागी झालेला असतो, त्यालाही मानवी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. हे कुणी सांगत नाही.) मग उरतात पाच गट: नुसतं माध्यम (अर्क ज्यात कालवतात तो द्रव), तुलनेसाठी इंडोमेथॅसिन हे सुजेवरचं औषध १० मिग्रॅ प्रति किलो, आणि निवडलेल्या अर्काच्या तीन मात्रा. दर गटात पाच रॅट: पाच पंचे पंचवीस, वजा ५, आले २०.

हा हिशेब मात्र हाताशी आधीची आकडेवारी नसेल तेव्हाचा. निर्गुडीवर रॅटमध्ये आधीच बरंच काम छापून आलंय, तेव्हा त्यातून मापांचं प्रमाण विचलन, म्हणजे मापं एकमेकांपासून किती विखुरतात तो आकडा, घ्या. दर गटातले प्राणी म्हणजे ढोबळमानानं १६ गुणिले (विचलन भागिले अपेक्षित फरक) याचा वर्ग. ०.३० मिली फरक पकडायचाय आणि विचलन ०.१५ असेल तर ४ येतात; इतक्या लहान गटात हे सूत्र थोडं कमी सांगतं, म्हणून ५ धरा. तेच विचलन ०.२५ झालं की १२ लागतात. मापणाऱ्याचा हात ढिला पडला की प्राणी दुपटीनं वाढतात ते असे. म्हणून प्राणी-नीतीचा खरा निकाल माझ्या मते फॉर्मवर लागत नाही, पंजा द्रवात बुडवून त्याचं आकारमान मोजणाऱ्या प्लेथिस्मोमीटरपाशी लागतो.

तिथं काय बिघडतं ते सांगतो. घोट्याच्या सांध्यावर पक्क्या शाईची रेघ न मारता पंजा बुडवला की दर वेळी खोली बदलते. सगळी मापं एकाच माणसानं घ्यावीत, आणि कुठला रॅट कुठल्या गटातला हे त्याला ठाऊक नसावं. कॅराजिनान सलाइनमध्ये १ टक्का, आदल्या तासात करून नीट फुगू द्यायचं. घाई केली तर गुठळ्या सुईत अडकतात आणि कुणाला ०.१ मिली जातं, कुणाला ०.०६. टोचल्यावर सुई लगेच ओढली तर थेंब बाहेर येतो. अर्क सीएमसीत (माध्यम म्हणून वापरतात त्या दाट द्रवात) खाली बसतो, म्हणून प्रत्येक रॅटआधी बाटली हलवा, नाहीतर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ मिळतो. एका पिंजऱ्यातले सगळे एकाच गटात टाकू नका, चिठ्ठ्या टाकून वाटा. अर्क तोंडावाटे द्यायचा, कॅराजिनान टोचण्याच्या तासभर आधी, मग १, ३ आणि ५ तासांनी माप, तिथंच थांबा. २४ तासांचं माप 'असावं म्हणून' घेऊ नका.

कारण या प्रयोगात एक अवघड जागा आहे. नेहमीचं वेदनाशामक दिलं की सूजही उतरते, म्हणून माध्यमाच्या गटातल्या रॅटला ठणका तसाच सोसावा लागतो. फॉर्म बीमध्ये वेदनेच्या रकान्यात 'लागू नाही' लिहू नका. वेदना आहे, ती का थांबवता येत नाही, किती तास चालेल, आणि कुठल्या खुणा दिसल्या की प्राणी प्रयोगातून काढून त्याला शांतपणे मारणार, हे लिहा. समितीत एक सदस्य विज्ञानाबाहेरचा असतो, त्याला समजेल अशा मराठीत लिहा. तोच नेमका प्रश्न विचारतो.

विषारीपणासाठी जुन्या पद्धतीनं 'निम्मे मरेपर्यंत' मात्रा वाढवत जाणं ओईसीडीनं (चाचण्यांच्या पद्धती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं) २००२ मध्येच बंद केलं. आता ४२३ क्रमांकाची पद्धत आहे, एका टप्प्याला तीन प्राणी. आणि टोचायचा सराव जिवंत प्राण्यावर करायचा नाही: केवळ हात बसवण्यासाठी प्रयोग करू नयेत, असं प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यातच आहे. सराव मेलेल्या रॅटवर करा. ॲनिमल हाऊसला आधी सांगून ठेवलं तर दुसऱ्या कुणाच्या प्रयोगातले मिळतात.

आता मित्राची गोष्ट. आजी वाफवलेला पाला बांधते, तुम्ही अल्कोहोलमध्ये काढलेला, आटवलेला अर्क लावणार. झाड एक असलं तरी वस्तू दोन आहेत. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे चालू औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं आणि शंभरावर माणसं दगावली. औषध तेच, विरघळवणारा द्रव नवा, आणि ते मिश्रण विकण्याआधी कंपनीनं एकाही प्राण्यावर तपासलेलं नव्हतं. उलट बाजूही खरी आहे. २००६ मध्ये लंडनमध्ये काय झालं पाहा: टीजीएन१४१२ हे नवं औषध माकडांत निर्धोक ठरलं होतं, त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी मात्रा सहा निरोगी माणसांना काही मिनिटांच्या अंतरानं दिली आणि सहाही अतिदक्षता विभागात गेले. एकाला देऊन वाट पाहिली असती तर बाकीच्या पाचांवर ती वेळ आली नसती. रॅट पास झाला म्हणून माणूस पास होत नाही. पण रॅट वगळला म्हणून धोकाही जात नाही, तो पैलवानाच्या गुडघ्यावर जातो.

लेपाची मानवी चाचणी करायचीच असेल तर ती फार्मसीच्या विद्यार्थ्यानं एकट्यानं करायची नाही. आयुर्वेद किंवा अस्थिरोगतज्ज्ञ प्रमुख संशोधक हवा, नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी, आणि पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या मानवी चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंद हवी. गुडघ्यात पाणी कशानं झालंय, लिगामेंट तुटलंय का, हे डॉक्टरनं तपासल्याशिवाय लेप म्हणजे निदान लांबवणं. तुलनेच्या गटालाही नेहमीचा उपचार चालू राहिला पाहिजे.

सगळ्यात अवघड जागा मात्र संमतीची. तालमीत वस्तादानं 'लावून घ्या रे' म्हटलं की नाही म्हणणारा पोरगा सापडायचा नाही, आणि त्या होकाराला संमती म्हणत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वरिष्ठांच्या दबावाखाली असणाऱ्यांना, विद्यार्थ्यांनासुद्धा, खास संरक्षण आहे ते याचसाठी. अठराच्या आतला असेल तर आईबापांची परवानगी आणि त्याची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. माहितीपत्रक मराठीत द्या, वाचायला घरी नेऊ द्या. सही आखाड्याबाहेर, एकेकट्याला बसवून घ्या, वस्ताद तिथं नसताना. कोण नाही म्हणालं ती यादी वस्तादाला दाखवायची नाही, त्यांनी मागितली तरी.