आयर्लंडमध्ये १७०४ च्या कॅथलिकविरोधी कायद्याने कॅथलिकांच्या जमिनी कशा घटल्या?

मुख्यतः वाटणीतून. कॅथलिक जमीनदार वारला की जमीन सगळ्या मुलग्यांत सारखी वाटायची. थोरला अधिकृत अँग्लिकन (प्रॉटेस्टंट) चर्चमध्ये गेला, तर मात्र सगळी त्याची. बापाच्या हयातीतच गेला, तर बाप नुसता हयातीपुरता धनी. विकायची सोय नाही. नवी खरेदी बंद, भाडेपट्टा फार तर ३१ वर्षांचा.

यात सुक्याबरोबर ओलंही जळालं, ते असं. पॉयनिंग्ज नावाच्या जुन्या कायद्यामुळे आयर्लंडचं विधेयक आधी मंजुरीसाठी लंडनला जाई. तिथे एक कलम घुसडलं गेलं: सरकारी पद हवं तर अँग्लिकन पद्धतीने प्रभुभोजनविधी घ्या. डब्लिनच्या संसदेला दुरुस्तीची मुभाच नव्हती, घ्या नाहीतर फेटाळा. तिने घेतलं. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातले प्रेस्बिटेरियन, तेही प्रॉटेस्टंटच पण अँग्लिकन नव्हेत, डेरी शहराच्या नगरसभेतून बाहेर पडले.