भातशेतीत उतरणारा तांबडा गाळ

प्रश्न: गोव्यातील सत्तरी तालुक्यात वहाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) आमच्या भातशेतात दर पावसाळ्यात तांबडा गाळ साचून पाने तपकिरी पडतात. दुकानदार डीएपी (स्फुरद व नत्राचे खत) व युरिया (नत्राचे खत) दुप्पट टाकण्यास सांगतो. हा गाळ नदीचा की खाणीचा, आणि खत वाढवावे काय?

उत्तर: खत वाढवू नये. लोहयुक्त आम्ल गाळात स्फुरद (फॉस्फरस) जखडला जातो, त्यामुळे डीएपीच्या दुसऱ्या गोणीचा लाभ दुकानदारालाच होतो, तर तुंबलेल्या पाण्यात युरिया वाया जातो. पाने तपकिरी पडत असल्यास शेतातील पाणी काही दिवस काढून टाकावे व पालाश (पोटॅश) शिफारशीइतकेच द्यावे. चुना माती तपासल्याशिवाय देऊ नये, आणि युरियासोबत तर कधीही नाही.

सह्याद्रीच्या तीव्र उतारावर वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून दरडी व ढासळलेले काठ यांमुळे म्हादई नदी जुलैत गढूळ होणारच. खाणकाम 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये थांबले, तरी उघडे ढिगारे जागेवरच राहिले आणि त्यांची माती पावसागणिक खाली येते. मात्र जांभ्याची मातीही तांबडीच असते, त्यामुळे केवळ रंगावरून खाणीला दोष देता येणार नाही. मोठा पाऊस ओसरताच वहाळाच्या प्रत्येक फाट्याचे पाणी एकाच वेळी बाटल्यांत भरून ठेवावे आणि ज्या बाटलीत सर्वाधिक गाळ बसेल, त्या फाट्याने वर चढत जावे. वाटेत खाणीचा ढिगारा, रस्त्यासाठी कापलेला डोंगर किंवा भूखंडांसाठी केलेले सपाटीकरण सापडेल. पुष्कळदा तर बुलडोझरने खरवडलेली आपलीच काजूबाग सापडते.

पावसाच्या तोंडावर काजूच्या उतारावर तणनाशक मारू नये, दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी मारू नये. मुळे मेलेली उघडी जमीन पहिल्याच सरीत वाहते. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्राने 2022 मध्ये परवानाधारक फवारणीकारांपुरता मर्यादित केला आहे, हेही दुकानदार सांगत नाही. तण कोयत्याने कापून तेथेच पसरावे. उतारावर समपातळीत वाळ्याच्या (खस गवताच्या) ओळी जूनमध्ये लावाव्यात, रोपांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवून, आणि पहिल्या वर्षी मेलेल्या जागा न चुकता भराव्यात. या एका कामावर माझा भर राहील, कारण दगडी बांध पुरात फुटतो, तर वाळ्याची ओळ गाळ अडवून दरवर्षी उंच होत जाते. चर खणायचे असल्यास पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरनंतर खणावेत. जूनमध्ये खणलेल्या चराची सुटी माती खालच्या शेतातच येते.

या कामांच्या अनुदानासाठी कृषी खात्याच्या कृषी कार्डासह विभागीय कृषी कार्यालयात अर्ज करावा आणि कामाआधी पाहणी करून घ्यावी.